निजलेल्याच्या पोटातलं गवत

सून हुशार आहे, शिकलेली आहे, बाहेर चार माणसं तिला उठून खुर्ची देतात, हे सगळं मला मान्य आहे. पण म्हणून तिने माझ्या घरात, माझ्या जेवणाच्या टेबलावर, माझाच हात झटकावा हे मला मान्य नाही. शनिवारची दुपार होती. मुलगा कामासाठी परगावी गेलेला, घरात आम्ही दोघीच. टेबलावर तिने फॉइलचा चौकोनी तुकडा पसरला होता, तोही माझ्या स्वयंपाकघरातला, न विचारता घेतलेला. त्यावर तांदळाएवढे काळे कण मांडून ती डोळ्याला भिंग लावून बसली होती. जेवण झाकलेलं, गार झालेलं. मी म्हटलं, आधी हे आवरावं, मग हिला चार घास घालावेत, आणि बोट पुढे केलं. तर मनगटावर सटकन फटका. "आई, हात नका लावू!" लागलं असं नाही. पण या घरात दुसऱ्याचा हात झटकायचा मान आजवर माझा होता.

"तुमच्या बोटांना तेल असतं," ती म्हणाली. "ते लागलं तर याचं वय चुकतं."

"वाढतं की कमी होतं?"

"कमी होतं."

"मग उद्यापासून दारात बायकांची रांग लावते. एकेकीला हात लावून देते."

ती हसली नाही. आठ दिवस झाले, हसलीच नव्हती. विचारलं तर ताकास तूर लागू देत नव्हती. चष्मा फ्रीजमध्ये विसरायची, नळ चालू ठेवून खिडकीबाहेर बघत राहायची. मी मनात म्हणत होते, नवरा-बायकोचं काही असेल. आपण मूग गिळून बसावं. मूग गिळणं मला जमत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, तरी गिळले.

तिचं काम म्हणजे वय काढणं. माणसांचं नाही, मातीचं. शहराच्या कडेला मातीचा एक लांबलचक उंचवटा आहे, दोन पुरुष उंच, वाकडा, इकडून तिकडे चालत गेलं तर पाऊण तास लागेल असा. त्यावर नुसतं गवत. लांबून पाहिलं तर कुणीतरी कुशीवर वळून, डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलंय असं वाटतं. म्हणून त्याला सगळे 'निजलेला' म्हणतात. "निजलेल्यापाशी उतरायचंय," असं लोक बसमध्ये सांगतात आणि कुणाला त्यात चमत्कारिक वाटत नाही. आता त्याच्या मधोमध रुंद रस्ता काढायचा घाट घातलाय. माणसांनी फार जुन्या काळी हाताने रचलेला तट असेल तर रस्ता वळवायचा, आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वी कुणी तळी खणताना टाकलेला मातीचा ढीग असेल तर सरळ कापायचा. जुना की नवा, ते माझ्या सुनेने सोमवारी लिहून द्यायचं होतं. तिने माथ्यावर उभं राहून तीन ठिकाणी लांब लोखंडी नळ्या खाली ठोकल्या, नळीत भरून आलेली माती आडवी कापली आणि तळाशी जे जळकं सापडलं ते प्रयोगशाळेत नेलं.

ते कसं मोजतात हे तिने मला एकदा कपडे घड्या घालताना सांगितलं होतं. झाड असो, गवत असो, माणूस असो, जिवंत आहे तोवर हवेतलं काहीतरी आत घेत राहतं. मेलं की घेणं बंद. आत जे साठलेलं असतं त्यातला एक बारीकसा भाग आपल्या आपण झिजत जातो, कुणी घाई करा नाहीतर करू नका, त्याची चाल ठरलेली. अर्धा झिजायला साडेपाच हजारांहून जास्त वर्षं लागतात. किती उरलं ते मोजायचं, की मरून किती काळ झाला ते कळतं. मी हातातली चादर तशीच धरून विचारलं होतं, "म्हणजे जगलं किती ते नाही कळत? मेलं कधी तेवढंच?" ती म्हणाली, "तेवढंच, आई." मला ते फार उलटं वाटलं होतं, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर बरोबरही वाटलं होतं. चार वर्षं जगलेलं असतं ते चार वर्षांतच संपतं. मेलेलं मात्र वाढतच राहतं. बारा वर्षांचं होतं, चाळीसचं होतं, आपल्यापेक्षा शहाणं होतं.

तर फटका मारून झाल्यावर तिला लाज वाटली असावी, कारण तिने भिंग माझ्यापुढे सरकवलं. "बघा. पण श्वास रोखून. उडेल." मी एक डोळा मिटला. आधी नुसता काळोख, मग त्यात एक बारीक नळी. आतून पोकळ. मध्ये एक गाठ, गाठीच्या दोन्ही बाजूंना रेघाच रेघा, अगदी सरळ, जळूनही एकसुद्धा वाकडी न झालेली. मी भिंग खाली ठेवलं.

"हे लाकूड नाही."

"नाही. गवत. पोकळ काडीचं, पाणथळ जागचं. तुम्हाला कसं कळलं?"

"डोळे आहेत म्हणून. कुठे मिळालं?"

"तिसऱ्या नळीत. पूर्वेच्या टोकाला, जुन्या पंपघराच्या पडक्या भिंतीजवळ. अगदी तळाशी. आणि हेच नको होतं मला." एवढ्यात तिचा फोन वाजला. ती गॅलरीत गेली, पण आमच्या गॅलरीत बोललेलं स्वयंपाकघरात जास्त नीट ऐकू येतं, हे तिला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळलेलं नाही. प्रयोगशाळेतली तिच्या हाताखालची मुलगी असावी. "नाही, तिसऱ्याचा आकडा लिहूच नकोस," सून म्हणत होती. "नळी फुटली, वरची माती मिसळली, मोजता आलं नाही, असं टाक... माहितीय मला. मोजलंय आपण, माहितीय... मग काय करू? दोन नमुने तेवीसशे वर्षांचे येतात आणि तिसरा कालचा. रस्तेवाले तोच एक धरून बसतील, म्हणतील ढीग आहे, कापा. साहेबांना काही बोलू नकोस."

मी गार झालेलं जेवण परत गरम करायला ठेवलं आणि ज्योत पेटवायची विसरले. बराच वेळ पातेल्यासमोर उभी होते. मग खोलीत जाऊन पडले. पडद्यातून ऊन गाळून येत होतं, छतावर पाण्यासारखं हलत होतं. खालच्या मजल्यावर कुणीतरी एकच खिळा थांबून थांबून ठोकत होतं. पंपाचा आवाज असाच असायचा. ठक्, मग बराच वेळ काही नाही, मग ठक्. माझे वडील पंपघरावर कामाला होते आणि आम्ही पंपाला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहायचो. त्या आवाजात आम्ही झोपायचो, पंप बंद पडला की दचकून जागे व्हायचो. मागे तळं, तळ्याच्या कडेने ते पोकळ काड्यांचं उंच गवत, आणि त्याच्या पलीकडे निजलेला. आई दरवर्षी ते गवत कापून वाळवायची आणि गाद्यांत भरायची. नव्या गादीवर पहिले काही दिवस कूस बदलली की काड्या मोडायच्या, आणि अंधारात कोण जागं आहे ते त्या आवाजावरून कळायचं. माझ्या शेजारच्या गादीवर बटण. धाकटा भाऊ. एवढासा होता म्हणून बटण. त्याच्या काड्या सारख्या वाजायच्या. मी म्हणायची, "बटण्या, नीज, नाहीतर शिवून टाकीन." तो तोंडावर हात ठेवून हसायचा, आणि हसण्याने आणखी काड्या मोडायच्या.

निजलेल्याच्या कुशीत आम्ही दोघांनी घर खणलं होतं. वरून नाही, वर चढायला वडिलांची बंदी होती. बाजूने, अगदी पायथ्याशी, जिथे गवत खाली लोंबायचं तिथे, एका मोडक्या पळीने आणि डब्याच्या झाकणाने, आडवं आत. किती दिवस खणलं कोण जाणे. माती घट्ट होती, पाट्या पाट्या रचल्यासारखी, काळी, मग पिवळी, मग काळी. मला वाटायचं, हे कुणीतरी मुद्दाम असं रचलंय. बटण म्हणायचा, ही त्याची पांघरुणं आहेत, त्याला थंडी वाजते. आत गुडघ्यांवर जायला लागायचं. शेवटी दोघं पाय पोटाशी घेऊन बसू एवढी जागा झाली. तिथे ऊन नव्हतं, पंप नव्हता, आईच्या हाका नव्हत्या. मातीला कान लावला की आत काहीतरी चालू आहे असं वाटायचं. आज कळतं, तो आपलाच कान असतो. पण तेव्हा बटण डोळे मोठे करून म्हणायचा, "ताई, हा श्वास घेतो."

बटण नाटकी होता. जेवायचं नसलं की पोट दुखायचं, आंघोळ नको असली की पाय लंगडायचा, आणि त्याचं नाटक पकडणं हे माझं काम. आई विचारायची, "खरं की खोटं?" आणि मी निकाल द्यायची. सात वर्षांची होते, वरचे दोन दात पडलेले, पण निकाल पक्का. त्या दिवशी सकाळी तो म्हणाला, गळा दुखतो. आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाटक करतोय. काल गार पाण्यात खेळू दिलं नाही ना, म्हणून." आई कामाला लागली. एक दिवस. एकच दिवस गेला त्यात. दुसऱ्या दिवशी त्याला बोलताच येईना, तेव्हा वडील त्याला खांद्यावर टाकून धावले. डॉक्टर काय म्हणाले ते मला मोठ्यांच्या पायांच्या उंचीवरून ऐकू येतं तेवढंच ऐकू आलं. घटसर्प. आणखी एक वाक्य ऐकलं, ते मी पुढे कधी कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही: "काल आणला असता तर."

माझ्या जिभेला घरात सगळे भितात. मुलगा म्हणतो, आईची उचलली जीभ लावली टाळ्याला. लोकांना वाटतं हिला बोलायला भीती नाही. खरी गोष्ट अशी की त्यानंतर वर्षभर मी बोललेच नाही, आणि मग जेव्हा बोलायला लागले तेव्हा थांबताच येईना, कारण गप्प बसलं की ते एक वाक्य आतून वर येतं. ते पुरून ठेवायला वर सतत काहीतरी टाकत राहावं लागतं.

छतावरचं ऊन भिंतीवर उतरलं होतं. मला झोप लागली की नाही सांगता येत नाही. मी निजलेल्याच्या आत होते आणि माझ्या अंगावर पांघरुणं होती, काळं, पिवळं, काळं, आणि वर कुणीतरी चालत होतं. सून असावी, बुटांनी. ती लोखंडी नळी ठोकत होती, ठक्, मग बराच वेळ काही नाही. मला ओरडून सांगायचं होतं की अगं, जपून, इथे मूल निजलंय. आणि तोंडात गवत भरलेलं.

उठले तेव्हा पाच वाजले होते. सून टेबलाशी तशीच. कण डबीत गेले होते, समोर कागद होता आणि त्यावर तिने जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या. मी चहा केला, तिच्या पुढ्यात कप आपटला, समोर बसले.

"तुझ्या यंत्राने त्या गवताला किती वर्षं दिली?"

तिने डोकं वर केलं. मी काय ऐकलं आणि काय नाही, हे तिच्या चेहऱ्यावर हिशेब केल्यासारखं दिसलं. "ते तसं नसतं, आई. काही वर्षं अशी होती की जगात अणुबॉम्ब उडवून बघत होते, आणि त्यामुळे हवेतलं ते जे मोजतो ना आम्ही, ते एकदम वाढलं. मग हळूहळू उतरलं. त्या काळातलं गवत असेल तर माप भरून वर सांडतं. गवत एका वर्षाचं, म्हणून लाकडापेक्षा नेमकं सांगतं. पण दोन सालं सांगतं. चढताना एक, उतरताना एक. बासष्ट, नाहीतर पंचाहत्तर. कुठलं ते कळत नाही. आणि कुठलंही असलं तरी मी बुडालेच."

"पंचाहत्तरला तुझा नवरा माझ्या कडेवर होता," मी म्हटलं. "ते बासष्ट."

"तुम्हाला काय माहीत?"

"कारण ते मी ठेवलंय तिथे."

एवढं बोलल्यावर उरलेलं आपोआप आलं, सगळं नाही, पण लिहायला पुरेल एवढं. दवाखान्यातला माणूस आला होता, तोंडाला फडकं बांधून, आणि सांगून गेला होता की मुलाचं अंथरूण जाळा, जिथे कुणी येत-जात नाही तिथे. वडील गादी घेऊन निघाले आणि मी मागे. मला विचारलं, कुठे जाळायची, आणि मी त्यांना आमचं घर दाखवलं. त्यांना ते ठाऊकच नव्हतं. ते ओरडतील असं वाटलं होतं. ते नुसते वाकून आत बघत राहिले. गादी मीच आत ढकलली. डोकं लावून, खांदा लावून, अगदी शेवटापर्यंत, काड्या मोडत होत्या ते मला ऐकू येत होतं. वडील म्हणाले, बाहेर ठेव, उघड्यावर नीट जळेल. मी ऐकलं नाही. त्याला तिथे बिछाना पाहिजे होता. त्यांनी रॉकेल टाकून काडी लावली, ज्योत आलीच नाही, नुसता धूर, दिवसभर धूर, आणि संध्याकाळी त्यांनी फावड्याने तोंड बंद केलं, दाबून, पायांनी. वर गवत लोंबलं. दुसऱ्या दिवशी ती जागा मलाही ओळखता आली नसती.

सून कप हातात धरून तशीच. "कोंडून जळलं," ती स्वतःशीच म्हणाली. "म्हणून कोळसा झाला. उघड्यावर राख होऊन उडाली असती, काही उरलंच नसतं." मग एकदम: "पण वरची माती अख्खी होती! मी स्वतः पाहिली. एक थर हललेला नव्हता."

"तू वरून खाली बघितलंस. आम्ही बाजूने शिरलो होतो."

तिने कप खाली ठेवला. मी तिला तशी कधी पाहिलेली नव्हती, शिकलेली बाई, तोंड उघडं. मला हसू येत होतं आणि छाती दुखत होती, दोन्ही एकदम. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं होतं. ती सगळ्या जगाच्या हवेचा माग काढत होती आणि ज्याला ठाऊक होतं ते माणूस रोज तिचा डबा भरत होतं. आणि ती हवा. माझ्या डोक्यातून ते जाईना. त्या उन्हाळ्यात तळ्याकाठच्या गवताने जी हवा आत घेतली तीच बटणानेही घेतली होती, हसताना, धावताना, तोंडावर हात ठेवून. त्याचं काही म्हणता काही उरलं नाही, एक फोटोसुद्धा नाही, आणि ती हवा मात्र एका काडीत साठून राहिली, आणि यंत्राला कळली.

"आई," ती शेवटी म्हणाली, आवाज खाली करून, "तुम्ही मला सांगितलंत तेवढं पुरे. मला कळलं, माझा तट खरा आहे. मी चुकीचं काही म्हणत नाही. मग आता तिसरा नमुना वगळला तर कुणाचं काय बिघडतं? तुमचं कुणाला कळणार नाही, माझंही नाही."

मी खोटं नाही सांगत, क्षणभर मला ते फार गोड वाटलं. तोंड पुन्हा बंद, पायांनी दाबून, वर गवत. त्रेसष्ट वर्षं निभावलंच की. "आणि लिहिलं तर?" मी विचारलं.

"तर सासू सांगते म्हणून कुणी ऐकणार नाही. पुरावा लागेल. बाजूने कापावं लागेल, तिसऱ्या नळीच्या रेषेत, तुम्ही दाखवाल तिथे. खड्ड्याची कड दिसली, तोंड कुठून आत गेलं ते दिसलं, की मग कुणी बोट ठेवू शकत नाही. पण..." ती थांबली. "ते सगळं बाहेर काढावं लागेल. फोटो निघतील, मापं घेतील. तुमचं म्हणणं लिहून घेतील, सही लागेल. आणि साहेबांना मला सांगावं लागेल की मुदत वाढवा, आणि का. मी तो आकडा दडवायला निघाले होते, तेही निघेल. त्या मुलीला माहीतच आहे." "साहेब मला उभी चिरतील, आई. वीस वर्षं मी एक आकडा इकडचा तिकडे केला नाही. एकदाच. एकदाच वाटलं की कोण बघतंय."

बाहेर उजेड पिवळा झाला होता. समोरच्या इमारतींच्या फटीतून निजलेल्याचा एक तुकडा दिसतो, खांदा असावा. मी त्याच्याकडे किती वर्षं बघितलं नव्हतं ते मला आठवेना. खिडकीत उभी राहिले तरी मान आपोआप दुसरीकडे वळायची. आज वळवली नाही. उद्या तिथे फावडं घेऊन माणसं येतील, लोंबतं गवत बाजूला करतील आणि मी बोट दाखवीन, इथे. त्या काळ्या घरात ऊन जाईल. सगळे वाकून बघतील, माझे वडील बघत होते तसे, आणि कुणाला तरी विचारावंसं वाटेल की मूल कशाने गेलं, कधी कळलं, कुणी वेळ लावला. विचारोत. हिने वगळलं तर रस्ता वळेल, तट राहील, आणि त्याच्या पोटात माझं एक खोटं होतंच, त्यावर हिचं दुसरं बसेल, काळ्यावर पिवळं, आणि एवढ्या मोठ्या खऱ्या गोष्टीला आमच्या दोघींची दोन खोटी टेकू म्हणून लागतील. दडवल्याने काय होतं ते मला हिच्यापेक्षा जास्त ठाऊक. हिचा एकच आठवडा झाला होता आणि ही चष्मा फ्रीजमध्ये ठेवायला लागली होती.

"तुम्ही काय म्हणता?" तिने विचारलं. लहान पोरीसारखं विचारलं, जसं कुणी निकाल देईल म्हणून बघतात तसं माझ्याकडे बघत.

निकाल द्यायची मला भीती वाटली. खरंच वाटली. मग मी तिच्यापुढचा चार ओळींचा कागद उचलला, फाडला, कोरा कागद तिच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, "लबाड असतीस तर तुला आजच या घराबाहेर काढलं असतं. तू लबाड नाहीस, भित्री आहेस. आणि भित्र्या माणसाच्या शेजारी दुसरं भित्रं माणूस बसलं की काम होतं. लिही. आधी माझं लिही, मग तुझं."